घेतो, पण तेवढा नाही

आमच्या घरात 'पिणे' हे क्रियापद चहासाठी आणि इतर लोकांसाठी होतं. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला पितो. सोसायटीचा आधीचा वॉचमन प्यायचा, म्हणून त्याला काढलं. आईचे एक चुलतभाऊ प्यायचे. त्यांचा विषय निघाला की सगळ्यांचे आवाज आपोआप खाली यायचे. माझा मोठा भाऊ मात्र 'घ्यायचा'. काय घ्यायचा, ते वाक्यात कधी यायचं नाही. "घेतो अधूनमधून." "क्लायंटबरोबर बसावं लागतं, मग घेतो." "घेतो, पण तेवढा नाही."

हा 'तेवढा' म्हणजे नक्की केवढा, याचा मी बराच शोध घेतलाय. त्याला माप नाही. दादा रोज दोन पेग घ्यायचा तेव्हा 'तेवढा' म्हणजे रोज क्वार्टर मारणारा त्याचा मित्र. दादा क्वार्टरवर आला तेव्हा 'तेवढा' म्हणजे ज्याला सकाळी उठल्या उठल्या लागते तो. मग दादालाही सकाळी लागायला लागली, आणि 'तेवढा' आणखी खाली सरकला: नोकरी गेलेला, बायकोला मारणारा, गटाराशेजारी सापडणारा. दादाची नोकरी शाबूत होती. हिंजवडीत एका आयटी कंपनीत तो मॅनेजर होता, वारज्यातल्या फ्लॅटचे हप्ते वेळेवर जात होते, मुलाच्या शाळेच्या मीटिंगला तो इस्त्रीचा शर्ट घालून जायचा. त्याने कधी कुणावर हात उचलला नाही. बाबा गेल्यापासून आई आणि मी त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे हे सगळं मी ऐकीव सांगत नाहीये.

आणि २०२४ मध्ये तर पुण्यात स्वतःला 'तेवढा नाही' म्हणायची फारच सोय झाली.

फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी मेफेड्रोनचा साठा पकडला. कुरकुंभच्या एमआयडीसीतला कारखाना, विश्रांतवाडीतलं गोदाम, धागेदोरे थेट सांगली आणि दिल्लीपर्यंत. किंमत साडेतीन हजार कोटींच्या वर सांगितली गेली. त्याआधी चारच महिन्यांपूर्वी ससूनमध्ये उपचार घेणारा एक कैदी तिथून ड्रग्जचा धंदा चालवतो म्हणून गाजला होता आणि मग तिथूनच पळाला होता. १९ मेच्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाने पोर्शे गाडीखाली बाइकवरच्या दोन तरुण इंजिनिअर्सना चिरडलं. बाल न्याय मंडळाने जामीन देताना ज्या अटी घातल्या, त्यातली एक म्हणजे अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. नंतर त्याच्या रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनमधल्या दोन डॉक्टरांना अटक झाली. जूनमध्ये फर्ग्युसन रस्त्यावरच्या एका बारच्या बाथरूममधला व्हिडिओ फिरला, पोलीस निलंबित झाले, बेकायदा पब आणि बारच्या बांधकामांवर महापालिकेचे बुलडोझर गेले.

आमच्या हॉलमध्ये हे सगळं रात्री साडेनऊला टीव्हीवर दिसायचं. दादा सोफ्यावर, समोर ग्लास, वाटीत शेंगदाणे. "अशांना भर चौकात उभं केलं पाहिजे," तो म्हणायचा. त्याचा राग खोटा नव्हता. मेलेली दोघं त्याच्याच क्षेत्रातली होती, त्याच्या टीममध्ये असतात तशी, बाहेरगावाहून येऊन पुण्यात भाड्याने राहणारी. "यांना आईबाप नाहीत का?" आई म्हणायची आणि उठून त्याच्यासाठी कांदा चिरून आणायची. साडेतीन हजार कोटी, पोर्शे, विमाननगरचे पब या सगळ्यापुढे सोफ्यावरचा एक ग्लास फारच सोज्वळ दिसतो. मला वाटतं अशा बातम्यांचा खरा उपयोग हाच असतो. शहराला भीती वाटते, ती दुसऱ्या कुणाची तरी वाटते, आणि मग सगळे जेवायला बसतात.

(कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात दारू विकत घेऊन प्यायलाही परवाना लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली ही तरतूद अजून शाबूत आहे. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला पाच रुपये, देशीला दोन. बिअरसाठी वय २१, व्हिस्की-रमसाठी २५. माझ्या ओळखीत शंभरेक पिणारे असतील, तो परवाना खिशात असलेला एकही नाही. आणि पंचविशीपर्यंत थांबलेलाही.)

दादाकडे एक मोठा पुरावा होता: श्रावण. आषाढी अमावास्येला, म्हणजे आपण जिला गटारी म्हणतो त्या दिवशी, भरपूर घ्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून महिनाभर थेंबही नाही. गणपती गेले की परत सुरू. "व्यसन असतं तर महिना काढला असता का?" हा त्याचा प्रश्न आणि आईचा दागिना. नातेवाइकांत ती हे अभिमानाने सांगायची. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला तेव्हा थोडा पेच पडला. अधिक पाळायचा की निज? पंचांग वगैरे न बघणाऱ्या दादाने त्या वर्षी धर्मशास्त्राचा बराच अभ्यास केला आणि अधिक महिना हा जादाचा असतो, तो मोजत नाहीत, असा निकाल दिला. आम्ही हसलो. निज श्रावण त्याने पाळला, पण दहाव्या-बाराव्या दिवशी ऑफिसचा ऑफसाइट निघाला आणि 'तिथं सगळे घेत होते'.

२०२४ ला गटारी रविवारी होती, ४ ऑगस्टला. सोमवारी श्रावणही सुरू आणि पहिला श्रावणी सोमवारही. आईने साबुदाण्याची खिचडी केली. दादाला ती गेली नाही. घाम येत होता, पंखा पाचवर आणि शर्ट ओला. मंगळवारी सकाळी तो चहाचा कप उचलायला गेला आणि कप बशीत इतका वाजला की भाचा खेळायचं थांबून बघायला लागला. दादाने दोन्ही हातांनी कप धरला. तो प्यायचा प्रयत्न करत होता आणि मी मोबाइलकडे बघत होते, कारण बघणं बरं दिसलं नसतं. त्या पावसाळ्यात पुण्यात डेंगी होता, झिकाचेही रुग्ण सापडत होते. व्हायरल असेल, असं ठरलं. पॅरासिटामॉल दिली.

त्याच रात्री जेवताना त्याला फिट आली. ताट उलटलं, तो खुर्चीवरून खाली गेला, डोळे वर, दात घट्ट. वहिनीने त्याला कुशीवर वळवलं आणि डोक्याखाली ओढणी दिली. तिला ते कसं माहीत होतं कोण जाणे. खालच्या काकांच्या गाडीतून आम्ही हॉस्पिटलमध्ये पोचलो.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "दारू घेतात का?"

"नाही," आई म्हणाली. "श्रावण आहे ना."

हे वाक्य मी आयुष्यभर विसरणार नाही, आणि आई खोटं बोलत नव्हती. वहिनी पुढे झाली. तिने पुणेरी दुकानदार हिशेब सांगतो तसं सांगितलं: "साडेसातशेची बाटली दीड दिवस जाते. दिवाळीपासून सकाळीही लागते, बाथरूममध्ये गीझरच्या मागे चपटी असते. शेवटची परवा रात्री अकरा, सव्वाअकराला." आईने तिच्याकडे असं बघितलं, की जणू बाटली वहिनीनेच प्यायली होती. डॉक्टरने मात्र मान हलवली आणि पेन भराभर चालवायला लागला. त्याच्यासाठी त्या रात्रीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच होतं.

बुधवारी दादाला वॉर्डातल्या भिंतीवर ऑफिसची मीटिंग दिसायला लागली. तो चादरीवरून नसलेले धागे वेचत होता आणि भिंतीला सांगत होता, "माझी स्क्रीन दिसतेय का सगळ्यांना?" नर्सने हात बेडला बांधले तेव्हा त्याने तिला अतिशय नम्रपणे सांगितलं की कॉल संपला की तो बोलेल. मला आधी हसू आलं. मग मी जिन्यात जाऊन बसले.

याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. रोज भरपूर दारू मिळणारा मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. दारू त्याला गुंगवते, म्हणून तो स्वतःला अधिकाधिक चेतवत ठेवतो. एक पाय ब्रेकवर असताना गाडी चालत राहावी म्हणून ॲक्सिलरेटर दाबत जावा, तसं. मग एके दिवशी ब्रेक एकदम निघतो. आधी घाम, थरथर, उलट्या. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, भ्रम, वाढलेला ताप आणि सुसाट नाडी. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस मरू शकतो. गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची टर्की भयंकर असते, पण खूप वर्षं खूप पिणाऱ्याने दारू एका रात्रीत, घरच्या घरी, निर्धाराने बंद करणं हे जिवावर बेतण्याच्या दृष्टीने त्याहून धोक्याचं असू शकतं. उपचार मात्र साधे आणि ठाऊक असलेले आहेत: मेंदू शांत करणारी औषधं आणि ती हळूहळू कमी करणं, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं, सलाइन, आणि कुणीतरी लक्ष ठेवणारं. म्हणून ज्याचे सकाळी हात थरथरतात आणि एक घोट गेला की थांबतात, त्याला 'आजपासून सोड, माझी शपथ आहे' असं म्हणू नका. त्याला डॉक्टरकडे न्या आणि मग सोडू द्या. दादाला जवळजवळ श्रावणाने मारलं होतं, हे आईला अजून कुणी स्पष्ट सांगितलेलं नाही.

चार दिवसांनी मानसोपचारतज्ज्ञ आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात फ्लोटर्स. दादा तोवर माणसात आला होता आणि आपण 'तेवढे' कसे नाही हे त्यांना इंग्रजीत समजावत होता. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "किती घेता ते राहू दे. न घेता किती तास राहता येतं, ते सांगा." दादाने तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्याला आकडेमोड करताना आयुष्यात कधी अडखळलेलं पाहिलं नव्हतं.

यानंतर मी रात्री जागून वाचत बसायचे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्सने देशभर केलेली एक मोठी पाहणी २०१९ मध्ये आली. तिच्यात भारतात दारू पिणारे साधारण १६ कोटी लोक निघाले. त्यातल्या ५.७ कोटींहून अधिक लोकांचं पिणं उपचार किंवा मदत लागण्याच्या पातळीवर आहे. म्हणजे पिणाऱ्या तिघांत एकाहून जास्त. आणि दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे फक्त एकाला कुठल्याही प्रकारचे उपचार मिळालेले. पैसे नसतील, डॉक्टर नसतील, खेड्यात काहीच नसेल, हे सगळं खरं. पण आम्ही वारज्यात राहतो. आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर मानसोपचारतज्ज्ञ आहेत, १४४४६ ही सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, दादाच्या कंपनीचा आरोग्य विमा आहे. तरी आम्ही उरलेल्या सदतिसांत होतो, पूर्ण सात-आठ वर्षं. आम्हाला थांबवायला एक शब्द पुरला.

पुण्याने एकदा हा शब्द ओलांडून पाहिलं होतं. ऐंशीच्या दशकात इथे गर्द आली आणि वर्तमानपत्रांत 'गर्दुल्ला' हा शब्द आला. किती घाण शब्द आहे बघा. उच्चारला की माणूस दिसतच नाही, नुसती फाटकी गोधडी दिसते. अनिल अवचटांनी त्या पोरांमध्ये बसून गर्दवर लेखमाला लिहिली, आणि ती वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. तिथल्याच एका इमारतीत २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. ज्यांना शहर गर्दुल्ले म्हणत होतं त्यांना तिथे रुग्ण म्हणून घेतलं गेलं, आणि बरे झालेले तिथेच कामाला लागले, नव्याने आलेल्यांना सांभाळायला. मला यातली सगळ्यात धीट गोष्ट वाटते ती ही, की तिथे गर्दवाला आणि दारूवाला एकाच सतरंजीवर बसतात. पायरी नाही. पुढे बायकांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग झाला. पिणाऱ्या बाईसाठी तर आपल्याकडे 'घेते' हा मऊ शब्दही कुणी वापरत नाही.

दादा ज्या केंद्रात गेला ते दुसरं, शहराबाहेरचं. पाच आठवडे. मोबाइल नाही. तिथे त्याच्या शेजारच्या कॉटवर मार्केट यार्डातला एक हमाल होता आणि पलीकडे बावीस वर्षांचा एमडीवाला. पहिल्या रविवारी भेटायला गेलो तर दादाने हळूच सांगितलं, "इथे सगळे फार पुढचे आहेत गं." तिसऱ्या रविवारी त्याने त्या हमालाची आमच्याशी ओळख करून दिली. "हे मला रोज पहाटे उठवतात." एवढंच.

तो बावीस वर्षांचा मुलगा माझ्या जास्त ओळखीचा वाटला. माझ्या वयाच्या लोकांची स्वतःची वेगळी शिडी आहे, आणि ती दादांच्या शिडीपेक्षा घसरडी आहे. वीड म्हणजे काय, झाडच ते. सिगारेटपेक्षा बरं. एमडी फक्त पार्टीत. स्वतः कधी आणत नाही, कुणाकडे असेल तर. मेफेड्रोन नाकाने ओढल्यावर तरतरी तास-दोन तासांत उतरते, आणि उतरताना इतकं रिकामं वाटतं की हात परत पुडीकडे जातो. एका रात्रीत पाच-सहा वेळा जातो. म्हणून 'फक्त शनिवारी' या वाक्यातला शनिवार फार मोठा असू शकतो. पुढे झोप जाते, मग कुणीतरी पाठलाग करतंय असं वाटायला लागतं. भारतात हा पदार्थ अमली पदार्थांच्या कायद्याखाली २०१५ मध्ये आला. कोथरूडच्या एका पीजीत माझी मैत्रीण राहायची, तिची रूममेट रात्रभर दाराला कान लावून उभी राहायची. विचारलं की म्हणायची, "इंजेक्शन थोडंच घेते मी?"

दादा केंद्रात असताना घरी माणसं येऊन गेली. एका मावशीने स्टँडजवळच्या भिंतीवर जाहिरात असलेली पावडर आणली होती, 'न कळत दारू सोडवा', भाजीत कालवायची. अशा पुड्यांत काय असतं ते पाकिटावर लिहिलेलं नसतं. दारूची रिअॅक्शन आणणारी जी खरी औषधं असतात, ती डॉक्टर रुग्णाला सांगून, त्याची तपासणी करून देतात, कारण त्यावर कुणी नकळत प्यायला तर जीव जाऊ शकतो. वहिनीने ती पुडी मावशींसमोरच सिंकमध्ये रिकामी केली. मावशी अजून आमच्याकडे येत नाहीत.

वहिनीबद्दल लिहायला हवं, पण ती म्हणाली फार लिहू नकोस. तिच्याकडे एक छोटी डायरी होती, दुधाच्या हिशेबाची. दूध एका बाजूला, बाटल्या दुसऱ्या बाजूला. तीन वर्षांच्या तारखा. ती कुणाला दाखवायची हे तिला कळत नव्हतं. माहेरी दाखवली असती तर 'मारतो का? नाही ना, मग?' असं उत्तर आलं असतं. आता ती कुटुंबीयांच्या गटाला जाते. तिथे बाकीच्या बायकांकडेही डायऱ्या निघाल्या. कुणाची गॅस सिलिंडरच्या कार्डामागे, कुणाची मोबाइलमध्ये 'किराणा' या नावाने.

दादा परत आला तेव्हा हातात एक यादी होती. खोकल्याचं औषध घेताना त्यात अल्कोहोल आहे का बघायचं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा यातलं काहीही वाढू द्यायचं नाही. जुन्या रस्त्याने घरी यायचं नाही. शेवटचं मात्र अवघड होतं, कारण हिंजवडीहून वारज्याला यायला हायवेच आहे, आणि हायवेवरून सर्व्हिस रोडला उतरलं की ते वाईन शॉप आहेच. मध्ये एकदा, मार्चमध्ये, तो तिथे थांबला. अकरा दिवस गेले त्यात. पुन्हा डॉक्टर, पुन्हा औषधं, घरी कुणी ओरडलं नाही. आई देवापाशी बसली, पण यावेळी नवस बोलली नाही.

आता तो साडेसातच्या सुमारास चांदणी चौकात आला की मला फोन लावतो. स्पीकरवर. मी ऑफिसमधून निघत असते किंवा कर्वे रोडवर बसची वाट बघत उभी असते. बोलायला खास काही नसतं. काल तो विचारत होता की फ्लॉवरमध्ये अळी निघाली तर दुकानदार बदलून देतो का. मी म्हटलं देतो, पण फोटो काढून ठेव. मग इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली, मग थोडा वेळ काहीच नाही, मग त्याने गिअर टाकला आणि म्हणाला, "हं, बोल. फोटो कशाचा, अळीचा की फ्लॉवरचा?"